काटकसर आणि वात्सल्य

गृहस्थाश्रमाला आपल्या शास्त्रकारांनी सर्व आश्रमांचा आधार म्हटले आहे. ब्रह्मचारी, वानप्रस्थ व संन्यासी या तिघांचाही निर्वाह गृहस्थाच्या हातून होतो, हे त्याचे कारण. ज्याच्यावर इतरांचा भार आहे त्याने आपला खर्च जपून करावा, हे उघड आहे. परंतु घरात मूल जन्माला आले म्हणजे हीच उघड गोष्ट अवघड होऊन बसते. लेकराच्या बाबतीत पैशाकडे पाहू नये, असे एक मन म्हणते. पुढे आजारपण आहे, शिक्षण आहे, हात आखडूनच चालावे, असे दुसरे मन म्हणते. मुलाच्या वस्तूंत काटकसर करणारे आईबाप वात्सल्यात उणे पडतात काय, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसला तरी पुष्कळ तरुण दांपत्यांना तो मनातून छळीत असतो. त्याचाच थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम काटकसर व कृपणता यांतील भेद पाहू. दोघेही पैसा वाचवितात. तेव्हा नुसत्या वाचविण्यावरून त्यांची पारख होत नाही. कृपण माणूस वाचविण्यासाठीच वाचवितो. काटकसरी माणूस कमी महत्त्वाच्या गोष्टीतला पैसा काढून अधिक महत्त्वाच्या गोष्टीला लावतो. याचे उदाहरण शोधण्यास आपणा इंदूरकरांना दूर जावयास नको. देवी अहिल्याबाईंनी १७६७ पासून १७९५ पर्यंत राज्य चालविले. महेश्वरी त्यांचे स्वतःचे राहणे अत्यंत साधे होते. परंतु खासगीच्या उत्पन्नातून त्यांनी देशभर घाट, धर्मशाळा व देवळे बांधविली, आणि १७८० च्या सुमारास काशीविश्वेश्वराचे मंदिर पुन्हा उभे केले. त्यांच्या साधेपणाला कोणी चिक्कूपणा म्हटले नाही. कारण वाचलेला पैसा कोठे गेला हे सर्वांना दिसत होते.

बालकाच्या बाबतीत आपल्या वाडवडिलांची रीत अशीच होती. नव्या बाळाच्या अंगात पहिले झबले जुने, धुऊन धुऊन मऊ झालेले घालावयाचे, तेही शक्य तर धडधाकट वाढलेल्या एखाद्या मुलाचे, असा पुष्कळ घरांतला प्रघात आहे. आजीच्या विरलेल्या लुगड्याची दुपटी आणि गोधडी होत असे. पाळणा तर एका घरातून दुसऱ्या घरी फिरतच असे. त्यात किती भावंडे व चुलतभावंडे निजली याची गणना अभिमानाने सांगितली जाई. यात पैशाची बचत होती हे खरे. पण नव्या कापडाची खळ तान्ह्या कातडीला बोचते हे शहाणपणही होते, आणि वापरलेल्या वस्तूबरोबर त्या घरचा आशीर्वाद येतो ही श्रद्धाही होती. जुने घेण्यात कमीपणा मानण्याची रीत अलीकडची आहे. बाळंतविडा हा मूळचा जिव्हाळ्याचा उपचार. परंतु कोणाच्या माहेरून काय आले याची मांडामांड सुरू झाली, तेव्हापासून त्यात ईर्ष्या शिरली.

या ईर्ष्येचा परिणाम कोठवर जातो, हे महाभारताच्या आदिपर्वात दिसते. श्रीमंतांची मुले दूध पिताना पाहून लहानगा अश्वत्थामा दुधासाठी रडू लागला. सोबतच्या मुलांनी पाण्यात पीठ कालवून त्याला दिले, आणि आपण दूध प्यालो या आनंदाने तो नाचू लागला. लोक हसले. द्रोणाचार्यांना ते सहन झाले नाही. ते बालमित्र द्रुपदाकडे गेले, तेथे अपमान झाला, आणि त्या वैरातूनच पुढे द्रोणांचा वध करणारा धृष्टद्युम्न जन्मास आला. या कथेत दोन निराळ्या गोष्टी आहेत. मुलाला दूध हवे होते, ही खरी गरज. ती भागविण्यासाठी बापाने दारोदार जावे, यात गैर काहीच नाही. परंतु लोकांचे हसणे ही दुसरी गोष्ट, आणि पुढचा सारा वणवा त्या हसण्याने व अपमानाने पेटविला. आपणही आपल्या मनाला विचारावे की, ही वस्तू मूल मागते आहे, की शेजाऱ्याची नजर मागते आहे? तान्ह्या बाळाला आपल्या झबल्याची किंमत ठाऊक नसते.

आजचा बाजार आईबापांच्या या हळव्या जागेवरच बोट ठेवतो. हाती असलेल्या मोबाईलवर दिवसभर नवनव्या वस्तू दिसतात, आणि त्या न घेतल्यास मुलाचे काही राहून जाईल असे सुचविले जाते. या मोहाची शक्ती ओळखूनच १९९२ च्या कायद्याने मातेच्या दुधाऐवजी द्यावयाच्या भुकटीची व दुधाच्या बाटल्यांची जाहिरात करण्यास आपल्या देशात बंदी केली. पहिले सहा महिने आईचे दूधच पुरेसे आहे, वरचे पाणीही नको, असे वैद्यकशास्त्र सांगते. आणि ते दूध विकत मिळत नाही. काही वस्तू न घेण्यातच हित असते. चाकांच्या ज्या वॉकरमध्ये मुलाला बसवितात, त्यातून जिन्यावरून पडण्याचे अपघात होतात म्हणून कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपला लाकडी पांगुळगाडा, मोठ्यांच्या देखत चालविला तर, मुलाला स्वतःच्या पायावर उभे करतो.

येथवर काटकसरीची बाजू झाली. आता तिची परीक्षाही केली पाहिजे. कारण वाचलेला पैसा पुष्कळदा दुसऱ्याच्या खात्यावर मांडलेला असतो. दिवसाला पाच डायपर धरले तर वर्षाला अठराशेहून अधिक लागतात. त्याऐवजी सुती लंगोट वापरले तर मोठीच बचत होते. हिशेब बरोबर आहे. परंतु ते लंगोट मध्यरात्री बदलावयाचे, सकाळी धुवावयाचे आणि पावसाळ्यात वाळवावयाचे कोणी? ते सारे एकट्या बाळंतिणीवर पडत असेल, तर पैसा वाचला नाही. तो तिच्या झोपेतून वसूल झाला. बापाने बादली उचलली तरच त्या बचतीवर बापाचा हक्क. तसेच, बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईच्या मजुरीत घासाघीस करून वाचविलेले पन्नास रुपये, किंवा थोरल्या भावाचे सारे जुने धाकट्या बहिणीला आणि मुलगा झाल्यास मात्र सारे नवे, ही काटकसर नव्हे. पहिल्यात दुर्बळाचे हिरावणे आहे, दुसऱ्यात पक्षपात आहे.

काही ठिकाणी हात आखडूच नये. बाळंतिणीचा आहार, वैद्याचा सल्ला आणि वेळेवर लस या त्या जागा होत. सरकारी लसीकरण कार्यक्रम १९८५ पासून चालू आहे व त्यातील लसी विनामूल्य मिळतात. तेथे खर्च फक्त सवड काढण्याचा आहे. जुना पाळणा घेतला तर कड्या, दोर व सांधे तपासावेत. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो. घरगुती रंगांतील शिशावर नियमाने कडक मर्यादा २०१६ मध्ये आली. मूल कठडा तोंडात घालते, म्हणून रंगाचे पोपडे सुटत असतील तर तो पाळणा नाकारावा. त्यात देणाऱ्याचा अपमान नाही.

देणे आणि घेणे यांविषयी एक शब्द. मी पुजाऱ्याच्या घरात वाढलो; दान स्वीकारणाऱ्याला दात्याचे मन किती लवकर कळते हे मला ठाऊक आहे. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले असून, अनादराने दिलेले दान तामस ठरविले आहे. फाटके, डागाळलेले कपडे कपाट रिकामे व्हावे म्हणून देणे हे त्यातलेच. धुऊन, बटणे लावून, घडी घालून दिलेले झबले मात्र सात्त्विक दान होय. आपल्या मंडळाने दोन-चार पाळणे, पांगुळगाडे व स्वच्छ दुपटी देवळाच्या कोठीत ठेवावी. ज्याला हवे त्याने न्यावे, काम झाल्यावर परत आणावे, आणि वहीत वस्तूची नोंद असावी, पण फळ्यावर कोणाचेही नाव नसावे. असे झाले तर घेणाऱ्याला लाज नाही आणि देणाऱ्याला गर्व नाही. सभासदांनी याचा विचार करावा, ही विनंती.

तात्पर्य, काटकसर करणारा पिता वात्सल्यात उणा नाही. आपण वाचविलेला पैसा कोणाच्या अंगावर पडतो आणि कशासाठी राहतो, या दोन प्रश्नांची उत्तरे ज्याला निर्भयपणे देता येतात, त्याने खुशाल जुना पाळणा आणावा. बाळाला निजविते ती पाळण्याची दोरी ओढणारा हात आणि त्यामागचे निश्चिंत मन.