कोणत्याच गोटात न मावणारा माणूस

1917 साली हिंदुस्थानला स्वराज्याचे हक्क किती आणि कधी द्यायचे, याची चर्चा जोरात होती. ब्राह्मणेतर चळवळीतल्या अनेक पुढाऱ्यांना धास्ती वाटत होती, की एवढ्यात स्वराज्य आले तर सत्ता पेशवाईसारखी पुन्हा मूठभरांच्याच हाती जाईल. आधी आमच्या मुलांना शिकू द्या, मग स्वराज्याचे बोला, असे ते म्हणत. ही भीती पोकळ नव्हती, तिच्यामागे पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव होता. अशा वेळी विठ्ठल रामजी शिंदे यांनी पुण्यात मराठा राष्ट्रीय संघ स्थापन केला आणि काँग्रेसच्या राष्ट्रीय मागणीला उघड पाठिंबा दिला. स्वतः मराठा जातीचे, ऑक्सफर्डला मँचेस्टर कॉलेजात धर्मांचा तुलनात्मक अभ्यास करून आलेले, 1906 पासून डिप्रेस्ड क्लासेस मिशनच्या कामासाठी अस्पृश्यांच्या वस्तीत घरच्या माणसांसह राहिलेले शिंदे टिळकांच्या बाजूला गेले, असा बोभाटा झाला.

दोनतीन वर्षांतच पुण्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा वाद पेटला. विठ्ठलभाई पटेलांच्या पुढाकाराने झालेल्या कायद्याने नगरपालिकांना असे शिक्षण सुरू करण्याची मुभा मिळाली होती. पुण्यातल्या टिळकपक्षाचे म्हणणे असे, की पैसा अपुरा आहे, तेव्हा सक्ती आधी मुलांपुरती करावी, मुलींचे नंतर पाहू. शिंदे याविरुद्ध उभे राहिले. रमाबाई रानडे यांच्यासारख्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, मिरवणुका निघाल्या, सभा उधळल्या गेल्या. ज्यांच्या स्वराज्याच्या मागणीला शिंद्यांनी आपल्या समाजाचा रोष पत्करून साथ दिली होती, त्यांच्याशीच ते आता मुलींच्या शाळेसाठी भांडत होते.

या दोन भूमिकांत विसंगती कुठे आहे? परकी सत्ता जायला हवी आणि मुलींना मुलांच्या बरोबरीने शिकवायला हवे, ही दोन्ही मते एकाच माणसाची असण्यात काहीही अवघड नाही. अडचण त्याच्या भोवतालच्या लोकांची होती. त्यांना शिंदे कुठल्या खात्यात मांडायचे तेच कळेना. ब्राह्मणेतर पुढाऱ्यांना ते टिळकांना सामील झालेले वाटत, सनातन्यांना धर्मबुडवे वाटत, आणि त्यांच्या मराठा जातीतल्या पुष्कळांना त्यांचे अस्पृश्यांमध्ये मिसळणे सहन होत नसे. 1920 च्या कायदेमंडळाच्या निवडणुकीत मराठ्यांसाठी राखीव जागा होत्या, पण जातीच्या आधारावर उभे राहणे त्यांना पटेना. त्यांनी बहुजन पक्षाचा जाहीरनामा काढला, सर्वसाधारण जागा लढवली आणि ते हरले. पुढे 1930 च्या कायदेभंगात त्यांनी येरवड्याचा तुरुंगही भोगला. तरीही काँग्रेसच्या इतिहासात त्यांना मोठे पान मिळाले नाही आणि ब्राह्मणेतर चळवळीच्या इतिहासातही नाही. 1944 साली ते वारले, तेव्हा त्यांना पूर्णपणे आपला म्हणणारा गोट महाराष्ट्रात उरला नव्हता.

आज शंभर वर्षांनी आपण त्याच जागी उभे आहोत, म्हणून हे सारे आठवायचे. एखाद्याने शेतमालाच्या हमीभावाबद्दल तोंड उघडले, की ऐकणारा त्याची आरक्षणावरची, मंदिरावरची, अमुक नेत्यावरची मते मनातल्या मनात भरून टाकतो. एका मतावरून बाकीची दहा मते गृहीत धरली जातात. मग त्यातले एखादे मत वेगळे निघाले, की फसवणूक झाल्यासारखा राग येतो. घराघरांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मामा आणि भाचा एकमेकांशी बोलेनासे झाले आहेत. बहुतेक ठिकाणी त्यामागे सलग विचारांचे भांडण नसते. एखाद्या प्रश्नावर भाचा मामाच्या अपेक्षेबाहेर बोलला, एवढेच घडलेले असते.

हे इतके कठीण का होते, याचे कारण मला असे दिसते, की राजकीय मत हे आपण फार काळ केवळ मत राहू देत नाही, त्याची ओळख करून टाकतो. मत बदलता येते, ओळख बदलणे म्हणजे घर सोडणे. गोटात राहिले की सण-समारंभाची बोलावणी येतात, अडीअडचणीला माणसे धावून येतात, चारचौघांत मान राहतो. गोटाच्या एखाद्या भूमिकेला नाही म्हटले, तर हे सगळे एका दमात पणाला लागते. त्यामुळे माणूस मनात शंका असूनही मान डोलावतो, आणि वर्षानुवर्षे डोलावत राहिला की शंकाही विझून जाते. ही भीती मी कमी लेखत नाही. गावात राहणाऱ्या, पतसंस्थेत कर्ज असलेल्या, मुलाच्या नोकरीसाठी कुणाच्या तरी शब्दाची गरज असलेल्या माणसाला वेगळे मत परवडत नाही, हे खरे आहे. त्याला भेकड म्हणण्याचा अधिकार शहरात सुरक्षित बसलेल्यांना नाही.

परंतु गोटाची मते जशीच्या तशी उचलण्यात आणखी एक धोका आहे, आणि तो गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिला. 2019 मध्ये शिवसेना काँग्रेस आणि राष्ट्रवादीबरोबर सत्तेत आली. 2022 मध्ये शिवसेना फुटली, 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटली. काल ज्याच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप करायचे, तो आज व्यासपीठावर शेजारी बसला. काल ज्याच्यासाठी घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या, त्याला आज गद्दार म्हणायचे. नेत्यांनी हे आपापल्या हिशेबाने केले, त्याचे बरेवाईट मतदार ठरवतील. मला काळजी वाटते ती गल्लीतल्या कार्यकर्त्याची आणि त्याच्या शेजाऱ्याची. ज्याची सगळी मते पक्षाकडून आलेली होती, त्याला एका रात्रीत ती सगळी उलटी करावी लागली. नेते पुन्हा एकत्र जेवले, पण त्यांच्यासाठी तुटलेली दोन भावांची बोलणी तशीच तुटून राहिली.

संमिश्र मते बाळगणाऱ्यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की हा डबल ढोलकी आहे, याचे सगळे तळ्यात-मळ्यात चालते. आक्षेप गंभीर आहे, तो झटकून चालणार नाही. अशी माणसे असतात. अन्याय समोर दिसत असताना दोन्ही बाजूंचे थोडे थोडे बरोबर आहे म्हणून हात झटकणारा माणूस अन्याय करणाऱ्यालाच मदत करतो. शिंद्यांनी असा मध्य कधी गाठला नाही. अस्पृश्यतेच्या प्रश्नावर त्यांनी कुणाशीही अर्ध्यावर तडजोड केली नाही. 1918 च्या मार्च महिन्यात मुंबईत अस्पृश्यता निवारणाची मोठी परिषद भरली, सयाजीराव गायकवाड अध्यक्ष होते. टिळक तिथे आले आणि अस्पृश्यतेविरुद्ध जोरदार बोलले, पण व्यक्तिगत आचरणात ती पाळणार नाही अशा प्रतिज्ञेवर त्यांनी सही केली नाही. शिंद्यांना टिळकांच्या भाषणाची किंमतही कळत होती आणि न केलेल्या सहीचीही. त्यांची संमिश्र भूमिका प्रत्येक प्रश्नाचा वेगळा आणि पुरता निवाडा करण्यातून आली होती. तळ्यात-मळ्यात करणारा कुणाचाच रोष ओढवून घेत नाही. शिंद्यांनी दर वेळी एका बाजूचा रोष घेतला, फक्त ती बाजू दर वेळी तीच नव्हती.

स्वतंत्र निवाडा केला म्हणजे तो बरोबरच असतो, असेही नाही. अस्पृश्यांचे प्रतिनिधी कायदेमंडळातल्या सभासदांनी निवडावेत, अशी शिंद्यांच्या डिप्रेस्ड क्लासेस मिशनची भूमिका होती. 1920 मध्ये शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली नागपूरला भरलेल्या परिषदेत डॉ. आंबेडकरांनी तिच्यावर कडक हल्ला चढवला. ज्यांच्या हाती निवड, त्यांचाच तो प्रतिनिधी मिंधा होणार, हा त्यांचा मुद्दा होता आणि मला तो निर्विवाद पटतो. शिंद्यांचे आयुष्य ज्यांच्यासाठी गेले, त्यांच्या वतीने कोणी बोलावे हे ठरवताना त्यांची नजर कमी पडली. पण म्हणून त्यांचे आधीचे आणि नंतरचे काम खोटे ठरत नाही. एका माणसाचे एक मत चुकीचे आणि दुसरे अमोल असू शकते, एवढे मान्य करण्याची ताकद आपल्यात आली, तर आपल्या इतिहासातली निम्मी भांडणे मिटतील. आंबेडकरांनीही पुढे आयुष्यभर विरोध केलेल्या काँग्रेसच्या सरकारात 1947 मध्ये कायदेमंत्रिपद घेतले, आणि 1951 मध्ये हिंदू कोड बिलासारख्या प्रश्नांवरून ते सोडलेही. जाणे आणि सोडणे या दोन्ही वेळी त्यांच्यासमोर प्रश्न होता तो कामाचा.

मग आपण काय करावे? आपल्या बाजूचे लोक कोणत्या एका प्रश्नावर चुकत आहेत, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे. उत्तर सापडलेच नाही, तर आपण विचार करणे थांबवून फक्त हजेरी लावत आहोत असे समजावे. सापडले, तर ते निदान एकदा आपल्याच माणसांत, शांतपणे, नाव घेऊन बोलावे. विरोधकांसमोर बोलणे सोपे असते. आपल्या माणसांसमोर बोलायला धैर्य लागते, आणि ते करणारा त्यांचे खरे हित पाहत असतो.

त्याहून मोठी जबाबदारी ऐकणाऱ्यांची आहे. शिंदे एकटे पडले, यात त्यांच्या भूमिकांपेक्षा त्यांच्या काळातल्या लोकांचा वाटा अधिक होता. ज्याचे एक मत आपल्याशी जुळते, त्याच्याकडून उरलेली नऊ मते वसूल करण्याचा हट्ट आपण सोडला पाहिजे. मुलींच्या शाळेसाठी जो आपल्याबरोबर चालतो, त्याला त्या कामापुरते मनापासून सोबत घ्यावे, आणि उद्या दुसऱ्या प्रश्नावर तो समोर उभा राहिला तर त्याच्याशी तितक्याच मनापासून भांडावे. लोकशाहीत माणसे अशीच कामाकामाने एकत्र येतात आणि वेगळी होतात. एका प्रश्नावर वेगळा झालेला माणूस दुसऱ्या प्रश्नावर परत येऊ शकेल, एवढी वाट मोकळी ठेवणे आपल्या प्रत्येकाच्या हातात आहे.