मूठभर जास्तीचं

बारामतीत बंगल्यांच्या आवारात आता कोई माशांचे हौद दिसू लागले आहेत. काठावर कुणी उभं राहिलं की केशरी-पांढरे मासे वर गोळा होतात आणि तोंडांची उघडझाप सुरू करतात. मग खाद्याचा डबा रिकामा होईपर्यंत कुणाचा हात थांबत नाही. मुका जीव आहे, खाऊ दे की!

कोईसारख्या कार्प जातीच्या माशाला जठरच नसतं. खाल्लेलं थेट आतड्यात जातं. त्यामुळे तो एका बैठकीत पोटभर जेवत नाही, दिवसभर गाळ उकरत थोडंथोडं वेचत राहतो. माणसाची सावली पडली की खाणं येतं, हे मात्र तो चटकन शिकतो. आपण जिला भूक समजतो, ती बरीचशी आपणच लावलेली सवय असते. भरवण्यात खरी तृप्ती कुणाची होते, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

उरलेलं खाद्य तळाशी कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया पडत असतोच. त्यात वैशाखातलं तापलेलं पाणी मुळातच कमी प्राणवायू धरतं. पाणी हिरवं झालं, तर त्यातलं शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, पण रात्री स्वतःच घेऊ लागतं. म्हणून मासे मरतात ते बहुधा पहाटे, आणि गुदमरून. आदल्या संध्याकाळी त्यांना सगळ्यांत मायेनं खाऊ घातलेलं असू शकतं.

इंदापूरकडच्या शेततळ्यात कटला, रोहू, सायप्रिनस सोडणारा जाणता शेतकरी या बाबतीत हौशी माणसापेक्षा शहाणा निघतो. पेंड आणि भाताचा कोंडा विकत आणायचा, तर मूठ आपोआप आखडते. आभाळ भरून आलं की तो खाद्य कमी करतो किंवा बंदच ठेवतो. (कोई ही या सायप्रिनसचीच रंगीत भावंडं, जपानच्या नीगाता भागातल्या शेतकऱ्यांनी निवडून निवडून वाढवलेली. एकाला आपण हातानं भरवतो, दुसरा भिगवणच्या बाजारात किलोवर विकला जातो.) विकण्यासाठी पाळलेल्या माशाची काळजी लाडक्या माशापेक्षा नेमकी घेतली जावी, हे पचायला जरा जड जातं. पण पाच मिनिटांत संपेल तेवढंच घालणं आणि चार दिवस गावाला जाताना शेजाऱ्याकडे डबा सोपवण्याऐवजी धडधाकट माशांना तसंच ठेवणं, हेही प्रेमच.

पैशाचा हिशेब नेहमीच शहाणपण शिकवतो असं मात्र नाही. याच पट्ट्यात आफ्रिकन मांगूर चोरून पाळला जातो. केंद्र सरकारनं 2000 सालीच त्यावर बंदी घातली आहे. त्याला कोंबड्यांच्या दुकानांतली घाण घातली जाते. हा मासा हवेतूनही श्वास घेतो, त्यामुळे सडलेल्या पाण्यातही तगतो. कोई निदान मरून आपली चूक दाखवतो. मांगूर तेवढीही अडचण करत नाही.

आणि उजनी? 1980 साली पूर्ण झालेल्या या धरणाचं पाणी इंदापूरच्या दाराशी आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी, त्यातलं बरंचसं प्रक्रियेविना, मुळा-मुठा आणि भीमेतून इथवर येतं. त्यातलं नत्र आणि स्फुरद म्हणजे पाण्याला घातलेलं खाद्यच. उन्हाळ्यात पाणी हिरवं पडतं, जलपर्णी माजते. काठच्या उसाला जादा टाकलेल्या युरियाचाही त्यात वाटा आहे, हे इथल्या माणसानं नाकारू नये. पण पोतं टाकणाऱ्याला निदान पीक दिसतं आणि तेच पाणी त्याला पुढे वापरावंही लागतं. वरच्या शहरांना यातलं काहीच दिसत नाही. मूठ आखडायला आधी त्यांना सांगायला हवं, आणि शेतकऱ्याला युरियावर व्याख्यान द्यायचंच असेल तर ते त्यानंतर.