विचारल्याशिवाय नको

सरस्वतीपुरममध्ये मी काही वृद्ध शेजाऱ्यांचे डबे करते. वयाबरोबर जीभ मंदावते, त्यात डॉक्टरांनी मीठ तोडलेलं. भाचीने सुचवलं, "मावशी, टोमॅटोच्या सारात थोडी रेड वाइन घाल, चव उठेल." चव उठते, हे खरं. पण शिजलेली दारू ही दारूच का?

उकळली की ती उडून जाते, असं सर्रास म्हणतात. प्रत्यक्षात पंधरा मिनिटं उकळल्यावर सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरतं. अडीच तासांनीही ५ टक्के. मग परंपरा काय म्हणते? बौद्ध विनयपिटक भिक्षूला मद्यपान वर्ज्य ठरवतं, पण रश्श्यात शिजवलेल्या मद्याला दोष देत नाही. मनुस्मृती सुरापान महापातकांत धरते. तरीही वैद्याने दिलेलं द्राक्षासव कर्मठ घरांतही घेतात. त्यातलं अल्कोहोल तर आंबवण्यातूनच तयार होतं. म्हणजे परंपरेने नुसता पदार्थ पाहिला नाही, हेतूही पाहिला.

पण तो हेतू खाणाऱ्याचा असायला हवा. माझ्याकडे डबा घेणाऱ्या एका आजींनी आयुष्यभर मद्य वर्ज्य मानलंय. त्यांच्या सारात वाइनचा एक थेंब गुपचूप घातला, तर त्यांचं व्रत मोडणारी मी कोण? शिवाय काही औषधांशी अल्कोहोलचं जमत नाही.

म्हणून मी प्रत्येकाला विचारते. ज्यांना चालते त्यांचं सार वेगळ्या पातेल्यात. आजींच्या सारात चिंच, भाजलेलं जिरं आणि वरून लिंबू. अन्न वाढणाऱ्यावर खाणारा डोळे मिटून विश्वास टाकतो. तो राखणं हाच रांधणाऱ्याचा पहिला धर्म.