परक्याचे मूल आणि धर्माची कसोटी

ज्या मुलाशी रक्ताचे वा जातीचे कोणतेही नाते नाही, त्याच्या पोषणाची आणि शिक्षणाची जबाबदारी समाजावर कोणत्या आधारे येते, हा प्रश्न महाराष्ट्राच्या धर्मविचारात पुन्हा पुन्हा उभा राहिला असून, त्याला मिळालेल्या उत्तरांत एक मोठे स्थित्यंतर दिसते.

संतपरंपरेचे उत्तर भूतदयेचे, म्हणजे सर्व प्राणिमात्रांत एकच ईश्वर पाहून त्यांच्या दुःखाने कळवळण्याचे आहे. पैठणच्या एकनाथांविषयीच्या प्रसिद्ध कथेत ते गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे महाराचे मूल कडेवर घेतात आणि त्याच्या घरी पोचवतात. ज्या काळी स्पर्शालाच विटाळ मानले जात होते, त्या सोळाव्या शतकातील ही कृती असामान्य धैर्याची ठरते. तरीही कथेच्या शेवटी मूल गावकुसाबाहेरच परतते आणि गावकूस जागचे हलत नाही, कारण दयेने सीमा ओलांडता आली तरी ती पुसण्यासाठी हक्काची जाणीव लागते.

ही जाणीव जोतीराव फुले यांनी धर्माच्या पायाशीच आणून ठेवली. निर्मीक, म्हणजे समस्त सृष्टी घडविणारा एकच कर्ता, याने सर्व स्त्री-पुरुषांना समान हक्क दिले आहेत, असे प्रतिपादन त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त आढळते. या भूमिकेतून पाहिले, तर कोणतेही मूल उपकाराचा विषय राहत नाही, कारण त्याचा हक्क जन्माबरोबरच येतो. जोतीराव आणि सावित्रीबाई या फुले दांपत्याने हे आधी आचरणात आणले होते: १८६३ मध्ये त्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, जेथे समाजाने वाळीत टाकलेल्या विधवांना निर्भयपणे बाळंत होता येई, आणि अशाच एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, त्यांनी दत्तक घेतले. हाच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई मुंढव्याहून एका आजारी दलित मुलाला पाठीवर घेऊन यशवंताच्याच दवाखान्यात आल्या आणि त्या संसर्गाने १० मार्च रोजी त्यांचा मृत्यू झाला.

आपली मुले आधी सांभाळावीत, हे निसर्गाला धरूनच आहे, असा आक्षेप येथे घेतला जातो, आणि मायेपुरता तो खराही आहे; परंतु शाळा, पाणवठा आणि पंगत मायेवर चालत नाहीत, त्या न्यायावर चालाव्या लागतात. भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले एकत्र राबत, स्वयंपाक करीत आणि एका पंगतीला जेवत, तेव्हा समतेचा उपदेश ऐकण्याआधी ती समता जगत होती.

आजही ऊसतोडीच्या हंगामात आई-वडिलांबरोबर फडावर जाणाऱ्या मुलांची शाळा अर्ध्यावर सुटते, आणि साखर कारखान्यांजवळ या मुलांसाठी काढलेल्या साखरशाळांसारखे प्रयत्न झाले तरी ती मुले कोणत्या गावाची, हा प्रश्न टोलवला जातो. ज्या गावात मूल आज झोपते, त्या गावाचे ते आहे, एवढे मान्य करून त्याला वर्गात जागा आणि ताटात अन्न देणे, हीच कोणत्याही समाजाच्या धार्मिकतेची खरी कसोटी होय.