कागद आणि हंडा

लासूर स्टेशनच्या पंचक्रोशीत म्हातारा अंथरुणाला खिळला की आधी दवाखान्याची चौकशी होते आणि मग हळूच, ‘कागद केलाय का?’ कागद म्हणजे मृत्युपत्र. शेतकऱ्याच्या घरात ही चौकशी तशी नवीनच.

विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ ही धर्मशास्त्रावरची टीका लिहिली ती चालुक्यांच्या कल्याणीत, म्हणजे पुढे निजामाच्या मुलखात आलेल्या बसवकल्याणला. तिच्यानुसार वडिलोपार्जित जमिनीत मुलगा जन्मतःच वाटेकरी. बाप नुसता कर्ता. जे एकट्याचं नाही, ते मरताना तो कुणाला देणार? मुंबई शहरात १८७० पासून हिंदूंच्या मृत्युपत्रांना कायदा होता, पण ती व्यापाऱ्या-वकिलांची दुनिया. इकडे लासूरच्या बाजूला निजामाच्या दप्तरात एक भाऊ पट्टेदार, बाकीचे शिकमीदार, म्हणजे सहहिस्सेदार. वाटणीला पंच बसत, नवे बांध पडत, विहिरीच्या पाळ्या तोंडी ठरत.

लेक या हिशेबात नसे. तिला लग्नात नाव घातलेला तांब्याचा हंडा, घागर, परात. आईच्या पुतळ्या आणि पाटल्याही कुठल्याच कागदावर न चढता लेकी-सुनांच्या अंगावर जात. या रीतीचं कौतुक पुष्कळ होतं. मला ते जमत नाही. हंड्यात ज्वारी पिकत नाही.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बापाच्या हिश्श्यात लेकीला वारस केलं. त्याच कायद्याच्या कलम ३० ने एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा मृत्युपत्राने देण्याची मुभा बापाला दिली. लेकीचा वाटा किती, ते सांगलीच्या कोर्टात सुरू झालेल्या ‘गुरुपाद विरुद्ध हिराबाई’ खटल्यात दिसतं. बापामागे विधवा, दोन मुलगे, तीन मुली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने विधवेला २४ पैकी ७ भाग दिले. त्याच हिशेबाने प्रत्येक मुलीला येतो एक. मृत्युपत्र असतं तर तोही गेला असता. ते करणंही सोपं: दोन साक्षीदार पुरतात, मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. त्यात एक वाक्य हटकून येतं: मुलींची लग्नं करून दिली, मानपान केला, आता त्यांचं देणं राहिलं नाही. हंडा असा कागदावर आला, तो हिस्सा फिटल्याची पावती म्हणून.

महाराष्ट्राने १९९४ मध्ये लेकीला जन्मतः वाटेकरी केलं, पण लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीत तो अपवाद राहिला नाही. ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी बाप हयात असण्याची अटही नाही, हे २०२० मध्ये ठरलं. दरम्यान समृद्धी महामार्ग गंगापूर-वैजापूर तालुक्यांतून गेला आणि जमिनीला मोल आलं. सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत, हा मोबदल्याच्या रकमेचा प्रश्न झाला.

मृत्युपत्रातलं ते वाक्य आता बापाच्या स्वतःच्या हिश्श्यापुरतंच चालतं. लेकीचा हिस्सा काढायचा तर हक्कसोडपत्रावर तिचीच सही लागते. आणि माहेर तुटू नये म्हणून कितीतरी जणी ती करून देतात.