बसा की वाईच



कवठे येमाईच्या एका मळ्यात आम्ही आजारी आजींना पवित्र कम्युनियन देऊन निघालो होतो. गाडीला किक मारता मारता विचारले, “कशा आहात, आजी?” “बरी हाय, फादर,” त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, “बसा की वाईच.” आम्हांला पुढचे घर गाठायचे होते. आम्ही बसलो नाही.

आपल्याच शिरूर तालुक्यात, वढूला, पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे संशोधनकार्य चालते. २००७ साली तेथील कार्यकर्त्यांनी आसपासच्या गावांतील पन्नाशी ओलांडलेल्या पाच हजारांहून अधिक लोकांना भेटून बरेच प्रश्न विचारले. त्यांत एक अगदी साधा होता : तुमची प्रकृती कशी आहे? पुढे कोण हयात राहिले, याचीही नोंद ठेवली. ज्यांनी ‘वाईट’ असे उत्तर दिले होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण, वय जमेस धरूनही, जास्त निघाले. पुरुषांत तर अधिकच. जे आत बिघडलेले असते, ते माणसाला उमगते. फक्त ऐकणारा हवा.

उलट बाजूही आहे. अमेरिकेतील १८० धर्मभगिनींनी तरुणपणी लिहिलेल्या आत्मवृत्तांचा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांच्या लिखाणात आनंद, कृतज्ञता, आशा अधिक होती, त्या सरासरीने अधिक वर्षे जगल्या. म्हणून रक्तदाबाची गोळी सोडायची नाही! पण संत थॉमस अक्वायनस शिकवतात त्याप्रमाणे आत्मा आणि शरीर हे एका घरातले दोन भाडेकरू नव्हेत. दोन्ही मिळून एकच माणूस. गुडघा दुखतो तेव्हा मन दुखते, मन खचते तेव्हा भाकरी गोड लागत नाही.

योहानच्या शुभवर्तमानात तळ्याकाठी अडतीस वर्षे आजारी असलेला माणूस आहे. बरे व्हायचे आहे का, असे प्रभू त्याला विचारतात. तो ‘हो’ म्हणत नाही. आपल्याला पाण्यात सोडायला कोणी माणूस नाही, एवढेच सांगतो. खरे दुखणे तेच होते. प्रभूंनी ते ऐकून घेतले आणि मग त्याला उठवले.

आज आपली मुले रांजणगावच्या कंपन्यांत, पुण्यात आहेत. फोन येतो, “बरे आहे ना?” “बरे आहे.” संपले. या आठवड्यात आपण एका वृद्धाच्या घरी जाऊ या. प्रकृती विचारू या, आणि उत्तर येईपर्यंत बसू या.

आम्हीही त्या मळ्यात पुन्हा जाणार आहोत. या वेळी गाडी बंद करून.

प्रभू आपणां सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.