मोह आणि कायदा

२०१८ सालच्या सप्टेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें भारतीय दंडसंहितेचें ४९७ वें कलम रद्द केलें. परस्त्रीशीं संबंध ठेवणारा पुरुष त्या कलमानें गुन्हेगार ठरे. मात्र तिच्या पतीची संमति असली कीं तो गुन्हा राहत नसे. जणूं पत्नीची निष्ठा ही पतीच्या मालकीची चीजवस्तूच! १९५४ सालीं मुंबई राज्याविरुद्धच्या एका खटल्यांत ह्याच न्यायालयानें तें कलम उचलून धरलें होतें. आतां व्यभिचार हें घटस्फोटाचें कारण आहे, गुन्हा नाहीं. ह्यानें संसार मोडतील, अशी भीति कित्येकांस वाटली.

आम्हांस ती वाटत नाहीं. सांताक्रूझच्या चाळींतून, सोसायट्यांतून पंचवीस-तीस वर्षें संसार केलेलीं जोडपीं तुरुंगाच्या धाकानें एकत्र राहिलीं, असें कोण म्हणेल? प्रौढपणींचा मोह रूपाचा क्वचितच असतो. घरीं आपली गोष्ट शंभरदां ऐकून झालेली असते. कचेरींतील कोणी ती प्रथमच ऐकतें, मनापासून हंसतें, आणि आपण पुन्हा नवे होतों. ह्यांत पाप नाहीं. परंतु सांताक्रूझ स्टेशनावर उतरून घरीं आल्यावर त्या हंसण्याविषयीं बोलण्याचें टाळलें जातें, तेव्हां कांहीं तरी तुटूं लागतें. स्पर्शाची पाळी पुष्कळ मागाहून येते.

अर्थात् सगळा भार सांगणाऱ्यावर टाकणें न्याय्य नव्हे. 'आज उशीर कां झाला?' असें विचारणाऱ्यानें खरें उत्तर सोसण्याची तयारी ठेविली आहे काय? एकदां त्या उत्तरावर घरांत आदळआपट झाली, कीं पुढल्या खेपेस गाडीच उशिरा आलेली असते.